बिनडोळ्यांचे चोवीस मासे

आमच्या घरात माशाला डोळे सगळ्यात शेवटी मिळतात.

मासे लाकडाचे. बोटाएवढे लांब, पोटाखाली दोन गळ, हनुवटीला प्लॅस्टिकची एक चकती. दोरी ओढली की त्या चकतीमुळे मासा बुडी मारतो आणि थरथरत पोहतो. तळ्यातल्या मोठ्या माशाला वाटतं, वा, आयता घास चालला आहे, आणि तो तोंड घालतो. आम्ही ह्यांना खोटे मासे म्हणतो. कोरायचं काम आमच्या ह्यांचं, रंगवायचं माझं, आणि हे एकतीस वर्षं चाललं आहे. हे आधी होड्यांचे सुतार होते. लोक फायबरच्या होड्या घ्यायला लागले तसे हे होडीवरून माशावर आले. मी आधी काहीच नव्हते, नुसती ह्यांची बायको होते. ते काम सोपं आहे असं ज्याला वाटतं त्याने येऊन आठवडाभर करून दाखवावं.

तर डोळे. मासा कोरून, अस्तर लावून, रंगवून, वॉर्निश चढवून वाळला की हे तो न्हाणीघरातल्या टबात सोडतात आणि दोरीने ओढतात. सरळ पोहला तर माझ्याकडे येतो. मी खिळ्याचं डोकं पिवळ्या रंगात बुडवून एकदा टेकवते, मग चूक म्हणतात त्या बारीक खिळ्याचं टोक काळ्यात बुडवून मधोमध टेकवते, वर वॉर्निशचा एक थेंब. झाला डोळा. वाकडा पोहला तर त्याला डोळा नाही, तो परत ह्यांच्या टेबलावर. न तपासलेल्या माशाला डोळे काढायचे नाहीत आणि बिनडोळ्यांचा मासा दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही. हा नियम मी केला. मोडलाही मीच.

वॉर्निशचं एक दुखणं असतं. ते घट्ट, मधासारखं. मासा त्यात बुडवून टांगला तर सगळं शेपटीकडे ओघळतं, आडवा ठेवला तर पोटाला जमतं. एका अंगाला जास्त जमलं की मासा त्या अंगाला कलतो. म्हणून तो धरून गोल गोल फिरवत बसायचा, सावकाश, पाऊण तास. नाकात एक तार घालायची आणि ती बोटांत फिरवायची. दुपारी जेवणं आटोपली, भांडी आवरली की आम्ही खिडकीशी दोन खुर्च्या समोरासमोर टाकून बसायचो. चार हात, चार मासे. तोंडं रिकामी असायची, म्हणून सगळी भांडणं त्याच वेळेला उरकायची.

मागच्या महिन्यात ह्यांना खोकला झाला. आठ दिवस आतल्या खोलीत पलंगावर. तळ्याकाठच्या दुकानात बारा मासे द्यायचे होते, कोरून झालेले होते, तर मी एकटीने बसून दोन-दोन करत ते फिरवले. वाळल्यावर पलंगावरून हाक आली, "अगं, टबात सोडून बघ एकदा."

"तुम्ही कोरलेत ना? मग सरळच पोहणार," मी म्हटलं.

ऐकायला ते कौतुक वाटतं. खरं म्हणजे टबात वाकायचा मला कंटाळा आला होता. मी बाराच्या बारा माशांना डोळे काढले आणि देऊन टाकले.

दुकानदाराला आम्ही गळवाला म्हणतो. त्याचा बाप दुकानात बसायचा तेव्हा हा काउंटरखाली रांगायचा, त्यामुळे मी त्याला अरेतुरे करते. त्याच्या दुकानात भिंतीवर एक फळी आहे, खिळे मारलेली, त्यावर मासे टांगतात. सगळ्यात वरची ओळ आमची. दुकानात मधोमध काचेची लांबलचक टाकी आहे, पाण्याने भरलेली, गिऱ्हाइकाला मासा ओढून बघायला. आठ दिवसांनी मी गेले तर त्याने काउंटरवर आठ मासे मांडून ठेवलेले. शेजारी टोपीवाला उभा. हा आमचं जुनं गिऱ्हाईक, आंघोळीलाही टोपी काढत नसावा. आणखी चार-पाच जण होते.

"काकू, हे बघा," गळवाला म्हणाला, आणि त्याने एक मासा टाकीत ओढला.

मासा कुशीवर आडवा झाला आणि तसाच झोपून झोपून पलीकडे गेला. दुसरा ओढला, तोही तसाच. टोपीवाला म्हणाला, "मी दिवसभर होडीत बसलो. एक मासा लागला नाही. हसत होते ते पाण्यात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला कोणी असं बघितलं की माझी जीभ माझ्या आधी धावते. मी म्हटलं, "काय करणार, ह्यांचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही. वय झालं."

मी हे बोलत होते आणि माझं बोट माशाच्या पोटावरून फिरत होतं. डाव्या अंगाला फुगवटा लागला, वॉर्निशचा, थेंब गोठल्यासारखा. सगळ्या आठांना डाव्याच अंगाला. तेव्हा मला कळलं. खिडकीतून ऊन येत होतं, पोट भरलेलं होतं, बोलायला समोर कोणी नव्हतं. दोन मासे हातात धरून मी डुलकी काढली होती. एक दिवस नाही, रोज.

तिथेच बोलायला हवं होतं. नाही बोलले. आठ मासे पिशवीत भरले. गळवाला म्हणाला, "काकू, शनिवारी तळं बाहेरच्यांना मासेमारीला उघडतंय. तोवर नीट पोहणारे आणा. नाहीतर वरची ओळ मला प्लॅस्टिकवाल्यांना द्यावी लागेल." मी मान हलवली आणि घरी आले.

मी पोचेपर्यंत बातमी पोचली होती. टोपीवाल्याकडे सायकल आहे. तो आमच्या दारात उभा राहून ह्यांना म्हणत होता, "काळजी घ्या. हात गेला म्हणे. काकूच सांगत होत्या."

तो गेल्यावर हे म्हणाले, "तू म्हणालीस?"

"वय तर झालंच आहे ना," मी म्हटलं. ह्या तोंडाला काय म्हणावं.

ह्यांनी कोरायचा चाकू पुसला, फडक्यात गुंडाळला आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला. भांडले नाहीत, जेवण टाकलं नाही. फक्त चाकू वर ठेवला. एकतीस वर्षांत तो चाकू टेबलावरून हलला नव्हता.

आता आमच्या सुनेबद्दल. ती मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करते, तिचं अर्धं दुकान आमच्या मागच्या अंगणात पसरलेलं असतं. मुलगा ट्रक चालवतो. आठवड्यातले दोन दिवस घरी असतो, ते दोन दिवस झोपलेला असतो, म्हणून त्याला ह्या गोष्टीत जागा नाही. सुनेने ते आठ मासे बघितले. एक उचलून उजेडात धरला, नखाने पोट खरवडलं.

"आई, हे वॉर्निश ओघळलंय."

"दिसतंय मला."

तिने माझ्याकडे बघितलं. मग लगेच दुसरीकडे बघितलं. सून हुशार असली की सासूला फार जपून राहावं लागतं. ती म्हणाली, "तुमची मनगटं दुखत असतील. फिरवायचं एक मशीन करू या का?"

मनगटं दुखत असतील! माझी मनगटं अजून पिळलेल्या चादरीत थेंब राहू देत नाहीत. पण तिने मला पळायला दार उघडून दिलं होतं, आणि मी पळाले. म्हटलं, "दुखतात बाई कधी कधी."

माझा हिशोब सरळ होता. मशीन फिरवेल, मासे सरळ पोहतील, गळवाला खूश होईल, ह्यांचं नाव आपोआप धुऊन निघेल, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. डब्यात ह्यांनी आधीच कोरलेले चोवीस मासे होते. हातात पाच दिवस होते.

अंगणात एक मेलेला फ्रिज पडून होता. त्याच्यातला गॅस कधीच उडून गेला होता, आम्ही त्यात चपला ठेवत होतो. सुनेने चपला बाहेर काढल्या आणि फ्रिजची पाठ उघडली. त्यात जो काळा गोळा असतो ना, घुर्र करणारा, तो काढला. म्हणाली, हा हवा ओढतो आणि हवाच ढकलतो, ह्याच्यावर रंगाचा फवारा चालेल. हवा साठवायला तिने आग विझवायचं एक रिकामं नळकांडं आणलं, धुऊन तपासून घेतलं. पाट्या रंगवणाऱ्याकडून पेनाएवढी एक फवाऱ्याची बंदूक उसनी आणली. म्हणाली, "आई, आता तुम्ही मारा."

मी मारला. मासा कोरडा राहिला आणि माझा चष्मा हिरवा झाला.

"उलटी धरलीत."

"मग आधी सांगायला काय झालं होतं? तोंडाला कुलूप होतं?"

"तुम्ही विचारलं नाही."

चष्मा पुसला आणि सरळ धरली. खवले मी कांद्याच्या जाळीच्या पिशवीने काढते. जाळी माशावर ताणायची, वरून स्पंज टिपायचा, जाळी काढली की खवले उठतात. आता स्पंजाऐवजी फवारा. पाठीला गडद हिरवा, कुशीला रुपेरी, पोटाला पांढरा, आणि एक रंग दुसऱ्यात कुठे मिसळतो ते दिसतही नाही. मी इतकी वर्षं स्पंजाने ते करायला बघत होते आणि माझ्या माशांना नेहमी एक पट्टा राहायचा. पट्टा मला आवडतो असं मी लोकांना सांगत असे. त्या दिवशी आठ मासे सलग रंगवले आणि सुनेला एवढंच म्हटलं, "बरं आहे." ती हसली. तिला माझं बरं आहे म्हणजे काय ते कळतं.

मग फिरवायचं यंत्र. कोणाच्या तरी ओव्हनमध्ये काचेची थाळी फिरवणारी छोटी मोटर होती. मिनिटाला चार-पाच फेऱ्या, माझ्या बोटांएवढीच चाल. एका लोखंडी कांबीवर दोन लाकडी चकत्या बसवायच्या, हातभर अंतरावर, आणि दोन्ही चकत्यांच्या कडेला समोरासमोर बारा-बारा आकडे. प्रत्येक जोडीत एक मासा, नाक इकडे, शेपूट तिकडे, मध्ये बारीक स्प्रिंग, म्हणजे ताणून बसतो. बारा मासे एकदम फिरणार. मोटर फ्रिजच्या बाहेर, कांब भोकातून आत.

चकत्या सुनेने कापल्या. तिला वायर जोडता येते, लाकूड कापता येत नाही. एक चकती बटाट्यासारखी झाली. कांब फिरवली की ती थड थड करायची आणि मासे उड्या मारायचे. हे ओसरीत बसून बघत होते. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. तिसऱ्या थडला उठले, तिच्या हातातून चकती घेतली, आत गेले. अर्ध्या तासाने दोन चकत्या आणून ठेवल्या. बोट फिरवलं तर कुठे अडत नव्हतं.

मी म्हटलं, "हात तर चांगला चालतोय की."

"चकती आहे ही. मासा नाही," हे म्हणाले आणि परत ओसरीत जाऊन बसले.

मोटरची एक खोड निघाली. बटण दाबलं की ती कधी उजवीकडे फिरायची, कधी डावीकडे, तिच्या मनाला येईल तशी. सून म्हणाली ह्या मोटरा अशाच असतात, दोन्हीकडून मासा सारखाच वाळतो. मी म्हटलं, असू दे, घरात आणखी एक लहरी माणूस.

बुधवारी दुपारी पहिले बारा मासे वॉर्निशमध्ये बुडवून आकड्यांना लावले. उबेला खाली एक बल्ब लावला होता, दार बंद केलं. फ्रिजच्या दारात सुनेने फोटोच्या चौकटीची काच बसवली होती, त्यातून बघायचं. मासे फिरत होते, एकामागे एक, शेपट्या न हलवता. आम्ही दोघी बराच वेळ बघत बसलो. कामं पडली होती तरी.

गुरुवारी दुपारी दार उघडलं तर आतून असा भपकारा आला की डोकं गरगरलं. माशाला हात लावला आणि अंगठ्याचा ठसा उठला. चिकट! बाराच्या बारा. हाताने फिरवलेला मासा एव्हाना खणखणीत वाळतो.

सून म्हणाली, "ऊब कमी पडली. मोठा बल्ब लावू."

मी तिला बाजूला केलं. दाराच्या कडेचं रबर दाबून बघितलं. फ्रिज म्हणजे काय, आतलं बाहेर जाऊ नये, बाहेरचं आत येऊ नये, ह्यासाठीच केलेलं कपाट. आत वास कोंडला होता, तो जाणार कुठे?

"तू पावसाळ्यात कपडे कुठे वाळत घालतेस?" मी विचारलं.

"पंख्याखाली."

"खोलीचं दार लावून, शेगडी पेटवून का नाही घालत?"

"कुबट होतात," ती म्हणाली. आणि मग थांबली. तिचा चेहरा उतरला. "आई, बल्बच काढते मी. इतकी वाफ साठली होती आत, एखादी ठिणगी पडली असती तर."

"फ्रिज दुसऱ्यांदा मेला असता. आपल्याला घेऊन."

तिने बल्ब काढला. मी स्वयंपाकघरातली सुरी आणून दाराचं रबर सगळीकडून सोलून काढलं. तिने खाली चार आणि वर चार भोकं पाडली, भोकांना माझी कांद्याची जाळी लावली, धूळ जाऊ नये म्हणून. ओसरीच्या कोपऱ्यात, जिथे वारा वळतो, तिथे आम्ही फ्रिज सरकवला. संध्याकाळपर्यंत मासे वाळले. ठसेवाला घासून परत बुडवला. शुक्रवारी पुढचे बारा लावले, तेही वेळेत झाले. खरं सांगते, मी इतकी खूश होते की दोनदा उगाचच अंगणात जाऊन आले. मोटर तिची, चकत्या ह्यांच्या, वारा माझा.

शनिवारी सकाळी चोवीस मासे अंड्यांच्या ट्रेमध्ये मांडले. डोळे बाकी होते.

"अहो, टबात सोडून बघता का?" मी विचारलं.

"मी कशाला? वय झालंय माझं," ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगितलं.

मला वाकता आलं असतं. मासे सरळ पोहणार हे मला ठाऊक होतं. पण मागच्या वेळीही मला असंच ठाऊक होतं. मी ठरवलं, जिथे आधीचे वाकडे पोहले तिथेच ह्या माशांना पोहायला लावायचं, सगळ्यांसमोर, आणि डोळे तिथेच काढायचे. पिवळी डबी, काळी डबी, वॉर्निशची बाटली, खिळा आणि चूक पिशवीत टाकली. परत आलेल्या आठांतला एक मासा टाकला. स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा चाकूही काढून घेतला. का घेतला ते मला ठाऊक नव्हतं असं म्हणणार नाही. ठाऊक होतं. वापरायची वेळ आली नाही तर बरं, एवढंच वाटत होतं.

ट्रे धरायला हे आले. सुनेने आणलं त्यांना, "बाबा, आईंच्या हातून सांडेल," असं म्हणून. दुकानाच्या दाराशी ट्रे माझ्या हातात देऊन हे बाहेरच्या बाकावर तळ्याकडे तोंड करून बसले.

तळं उघडायचा दिवस, दुकान भरलेलं. टोपीवाला टाकीला टेकून उभा. गळवाला म्हणाला, "काकू, हे काय? आंधळे मासे आणलेत?"

"आधी पोहू दे. मग देते डोळे."

त्याने पहिला ओढला. मासा तळाकडे गेला, थरथरला आणि टाकीच्या मधोमध रेघ मारल्यासारखा पलीकडे पोचला. दुसरा. तिसरा. दहाव्यानंतर लोक मोजायचे थांबले आणि नुसते बघायला लागले. चोविसावा पाण्यातून निघाला तेव्हा कोणीतरी टाळी वाजवली. मी मान ताठ करून उभी होते. झालं, आता बोलायची गरज नाही.

सुनेने मशीनची सगळी हकिगत सांगितली, फ्रिज, मोटर, भोकं. गळवाल्याने कपाळावर हात मारला. "वा! म्हणजे मशीनने काकांना तारलं म्हणायचं. आता हात गेला तरी चिंता नाही. काकांनी कसंही कोरलं तरी मशीन सावरून घेईल."

"मशीनची कमाल," टोपीवाला म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या.

दार उघडं होतं. बाकावर हे पाठमोरे बसले होते. ह्यांचे कान मोठे आहेत, आणि ते लाल झालेले मला तिथून दिसले.

मी पिशवीतून परत आलेला मासा काढला. "हा ओढ."

गळवाल्याने ओढला. मासा कुशीवर झोपला.

"हा आठांतलाच ना?"

"हो काकू, माझीच खूण आहे त्यावर."

मी चाकू उघडला. माशाच्या पोटाच्या डाव्या अंगाला पातं लावलं आणि सावकाश ओढलं. वॉर्निशची एक पापडी निघाली, नखाएवढी, वळलेली. लाकडाला धक्का लागू दिला नाही. मासा परत त्याच्या हातात दिला. "आता ओढ."

मासा सरळ गेला. नवीन चोवीस गेले तसाच, रेघ मारल्यासारखा.

"लाकूड तेच आहे," मी म्हटलं. "कोरलेलं तेच आहे. मशीनने ह्याला हातसुद्धा लावलेला नाही. मग सांग, कोरणाऱ्याचा हात कुठे गेला?"

टोपीवाला म्हणाला, "मग चूक कोणाची?"

"माझी. जेवून बसले की मला डुलकी लागते. मासे हातात राहिले, मी नाही. वॉर्निश एका अंगाला उतरलं. पुन्हा टबात न बघता डोळे काढले, आणि वर तुमच्यापुढे ह्यांचं नाव घेतलं." आवाज खाली आणला नाही. बाहेर बाकापर्यंत पोचायला हवा होता. "आणि तुम्ही, टोपीवाले! ती बातमी सायकलवरून वाटलीत ना? मग ही पण वाटा. त्याच सायकलवरून, त्याच घरांना. एक घर चुकवायचं नाही."

"हो काकू," तो म्हणाला. आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याचं टक्कल बघितलं. टोपी हातात घेऊन उभा होता.

गळवाल्याने मुकाट्याने वरच्या ओळीतली धूळ पुसली. मी काउंटरवर डब्या उघडल्या. खिळा पिवळ्यात, चूक काळ्यात. दोन्ही कुशींना एकेक, चोवीस मासे, अठ्ठेचाळीस डोळे. लोक गोल करून बघत होते. हात एकदाही हलला नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

घरी परतताना सून पुढे निघून गेली. तिला काम आठवलं म्हणे. आम्ही दोघं तळ्याच्या काठाने चालत होतो. हे म्हणाले, "चाकूला धार होती का?"

"होती."

"ठेवताना लावली होती मी."

म्हणजे रागावून चाकू वर ठेवणारा माणूस आधी त्याला धार लावून ठेवतो.

मग हे म्हणाले, "तू डुलकी काढतेस ते मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"खिडकीला तो निळा पडदा होता ना, तेव्हापासून."

निळा पडदा जाऊन बारा-तेरा वर्षं झाली. मी उभीच राहिले. "आणि माझे मासे?"

"तुझ्या हातातून काढून घ्यायचो. दोन-दोन तारा बोटांत धरता येतात. तू जागी व्हायला लागलीस की परत तुझ्या हातात."

"मग सांगायचं नाही? एवढी वर्षं?"

"सांगितलं असतं तर तू जागी राहिली असतीस," हे म्हणाले. "घोरतेस, पण बोलण्यापेक्षा ते बरं."

मी पिशवीने मारलं त्यांना. आत वॉर्निशची बाटली आहे हे विसरले होते. फुटली नाही, पण हे घरापर्यंत खांदा चोळत आले. मी विचारलं, मग त्या दिवशी दारात का नाही बोललात, की चूक हिची आहे म्हणून? तर म्हणाले, "तू बोलशील म्हणून थांबलो होतो. मला वाटलं होतं महिना लागेल."

आता दुपारी फ्रिज ओसरीत फिरत असतो. बारा मासे काचेमागे गोल गोल जातात. आम्ही खुर्च्या अजून समोरासमोरच टाकतो, त्यांची उजेडाकडे, माझी फ्रिजकडे. ह्यांच्या हातात चाकू, मांडीवर भुसा. मशीनवर लक्ष ठेवायचं काम माझं आहे. ते मी डोळे मिटून करते, कारण मोटर अडली तर कानाला कळतं. सून म्हणते, आई, तुम्ही झोपलेल्या असता. तिला मशीनमधलं जास्त कळतं, माझ्यातलं कमी. काल मोटर डावीकडे फिरत होती, हे मी बरोबर सांगितलं.

ह्यांनीच सांगितलं होतं खरं म्हणजे. पण सुनेला ते ठाऊक नाही.